एका टाकीत जाऊन येऊन

मी एक गाडी बोलतेय. छोटी आहे, बुटकी आहे, पण चारही चाकांनी ओढणारी आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा बघणारे लोक मला खेळण्यातली समजतात. दोन दारं, मागे एक बाक, डोक्यावर पत्र्याचं छप्पर, रंग हिरवा. पोटात पस्तीस लिटरची टाकी. हा पस्तीसचा आकडा तेवढा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं होतं.

माझ्यावर एक आळ होता. मी पेट्रोल पिते, आणि थोडंथोडकं नाही, ढोसते. पंपावरचा माणूस मला लांबून बघितलं की खुशाल म्हणायचा, "आली बेवडी." आजूबाजूच्या गाड्या गालात हसायच्या. मला तोंड असतं तर त्याला चांगलं सुनावलं असतं, पण आम्हाला फक्त हॉर्न दिलाय, आणि तोही दुसऱ्यानं दाबला तरच वाजतो. तो आळ कसा आला आणि मी तो कसा धुऊन काढला, ते आज सांगणार आहे. जरा फुशारकी वाटली तर वाटू दे. मी ती कमावलेली आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेवटच्या तपासणीला एका बाईंनी माझी दारं चार-चारदा उघडून लावली, दिवे लावून बघितले आणि काचेवर खडूनं बरोबरची खूण केली. तिथून मी नद्यांचं पाणी मोजणाऱ्या एका खात्यात गेले. अकरा वर्षं साहेबांच्या चिखलाच्या बुटांनी माझी जमीन खराब केली आणि मी त्यांना नदीच्या पात्रातून, दगडधोंड्यांतून सुखरूप बाहेर काढलं. मग नव्या गाड्या आल्या आणि मला लिलावाच्या रांगेत उभं केलं. तिथं बाबांनी मला घेतलं.

बाबा म्हणजे माझे दुसरे मालक. रस्ते खात्यात त्यांनी बत्तीस वर्षं रोडरोलर चालवला. शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर, घाटाच्या पलीकडे, चौदा घरांची एक वस्ती आहे. घाट आणि घाटापासून वस्तीपर्यंतचा सगळा रस्ता बाबांनी स्वतः दाबलेला. काम संपलं, निवृत्ती आली, आणि रस्ता जिथं संपला तिथंच त्यांनी घर बांधलं. बायकोला म्हणाले, एवढा रस्ता केला, आता त्याच्या टोकाला राहून बघू. आई तिथं नऊ वर्षं सुखानं राहिल्या आणि तिथंच गेल्या. त्यानंतर बाबा एकटे झाले, पण घर सोडायचं नाव काढेनात.

रोलरवाल्या माणसाचं गाडीबद्दलचं मत जगापेक्षा वेगळं असतं. ज्यानं जन्मभर दहा टनांचं धूड चालवलं, त्याला हलकी गाडी धोक्याची वाटते. बाबांचं गणित सरळ होतं: वजन असलं की गाडी रस्ता धरते, आणि रस्ता धरला की माणूस वाचतो. ॲव्हरेज नावाची गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. रोलरला कोण ॲव्हरेज विचारतं?

बाबांचे डोळे अधू झाले तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. त्यांनी मला लेकीच्या हवाली करायचं ठरवलं. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात, मीही तेच म्हणते. ती शहरात चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि दुकानाच्या वरच्या खोलीत एकटी राहते. दर शनिवारी तिनं मला घेऊन वर यायचं, बाबांची औषधं, किराणा, धुतलेले कपडे आणायचे आणि रविवारी परत जायचं, असं ठरलं.

मला देण्याआधी बाबांनी चार दिवस अंगणात माझी तयारी केली. पहिल्या दिवशी माझ्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेला खटका फिरवून चाकं खालच्या दांड्याला कायमची जोडून टाकली, आणि त्यावर हिरवा रंग असा थापला की तिथं खटका आहे हे कुणाला दिसू नये. दुसऱ्या दिवशी चारही टायरमधली हवा कमी केली, कारण मऊ टायर रस्ता धरतो. प्रत्येक चाकाच्या वर पांढऱ्या रंगानं अठरा हा आकडा लिहिला, म्हणजे शहरातला हवावालाही तेवढीच भरेल. तिसऱ्या दिवशी छपरावर लोखंडी कॅरिअर चढवून त्यावर दुसरं जादा चाक, फावडं आणि साखळी बांधली.

चौथ्या दिवशी त्यांनी माझा मागचा बाक उचकटला. सहा पोती वाळू भरली. एकेक पोतं ताणकाट्याला लावायचे, मूठभर वाळू काढायचे, परत लावायचे. एवढं सोनाराच्या काट्यासारखं काय मोजतात, मला कळेना. प्रत्येक पोत्याला त्यांनी आपली ती रोलरच्या ताडपत्रीची दुहेरी गाठ मारली, पोती खाली रचली, वर फळी ठोकली, फळीवर रेक्झिन. "धाकटीला सांगायचं नाही," ते मला म्हणाले. "सांगितलं तर वाद घालेल." आई गेल्यापासून ते माझ्याशी बोलायचे, मला सवय होती.

तर अशी मी सजूनधजून शहरात आले. पुढचा दांडा विनाकारण फिरतोय, टायर रस्त्याला चिकटून चालतायत, डोक्यावर ओझं, पोटात वाळू. धावताना मला धाप लागायची. आणि पंपावर ऐकायला काय मिळायचं, तर बेवडी.

पहिली दोन वर्षं निभावलं, कारण वाटेत मधल्या गावात एक पंप होता. जाताना एकदा, येताना एकदा, माझी तहान भागायची. मग त्या पंपाच्या मालकानं कुलूप लावलं आणि तो लेकाकडे राहायला गेला. आता शहरात टाकी भरायची ती परत शहरातच. जाऊन येऊन अडीचशे किलोमीटर, आणि मी लिटरला साडेसहा द्यायची. गणित करा. तेवीस किलोमीटर कमी पडत होते.

धाकटीनं एकदा कॅनमधून जादा पेट्रोल नेलं. वासानं तिचं डोकं उठलं, वाटेत दोनदा उलटी झाली, आणि वर बाबांच्या लाकडी घरात, जळत्या शेगडीशेजारी कॅन ठेवायची तिची हिंमत होईना. पुढच्या शनिवारी तिनं नशिबावर हवाला ठेवला. परतीच्या वाटेवर, शहर अगदी आवाक्यात आलं असताना, मी आचके दिले आणि थांबले. दुपारची वेळ होती पण धुकं असं उतरलं की माझ्याच बॉनेटचं टोक मला दिसेना. चार तास ती आत बसून राहिली. फोनला रेंज नाही. शेवटी पावाची गाडी घेऊन चाललेला एक भला माणूस थांबला आणि त्यानं दोन बाटल्या पेट्रोल दिलं. ते चार तास मी विसरणार नाही. तिचे हात गार पडले होते आणि मला हीटरसुद्धा लावता येत नव्हता.

ही गोष्ट दादाच्या कानावर गेली. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. लिफ्टच्या कंपनीत देखरेखीचं काम करतो. अडकलेली माणसं सोडवणं हाच त्याचा धंदा, त्यामुळे त्याला जगात सगळीकडे अडकणंच दिसतं. वाईट माणूस नाही. पण एकदा ठरवलं की ठरवलं. त्यानं धाकटीला घरी बोलावलं आणि त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, माझ्या बॉनेटला टेकून, सरळ निकाल सांगितला: महिन्याअखेरीला बाबांना खाली आणायचं, त्यांच्यासाठी एक खोली रिकामी केलीये, आणि मला विकायचं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. एका हॉटेलवाल्याला मी दारात शोभेला हवी होते. इंजिन काढून बॉनेटमध्ये फुलझाडं लावणार होता तो. हे ऐकून माझ्या अंगाचं पाणी पाणी झालं.

"बाबांना विचारलंस?" धाकटी म्हणाली.

"विचारलं की ते नाही म्हणणार. म्हणून नाही विचारलं."

"दादा, तिथून उठवलं तर ते जगतील, पण बाबा राहणार नाहीत."

दादा मागे हटेना. इतका वेळ जिन्यात उभ्या असलेल्या वहिनी तेव्हा खाली आल्या. त्या एरवी नवरा आणि नणंदेच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, एक फेरी तर होऊ द्या, गाडीलाही बोलायची संधी मिळू दे. वहिनींच्या त्या वाक्याबद्दल मी जन्मभर त्यांची ऋणी आहे.

ठरलं असं: महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शहरातल्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. कॅन नाही, बाटली नाही. दादा स्वतः बरोबर येणार. वर जाऊन त्याच दिवशी परत येऊन, स्वतःच्या चाकांवर त्याच पंपावर उभं राहायचं. राहिलो तर बाबा त्यांच्या घरी, नाही तर रविवारी सकाळी सामानाला टेम्पो. हातात दोन आठवडे होते.

पहिला आठवडा धाकटीनं वाया घालवला. तिला तरी दोष कशाला देऊ, जो तो सल्ले देत होता. कुणी सांगितलं म्हणून टाकीत निळ्या औषधाची बाटली ओतली. माझ्या तोंडाची चव तेवढी गेली. कुणी पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधायला सांगितलं, तोही बांधला. मी आतून ओरडत होते, अगं बाई, बाकाखाली बघ. ऐकू कुणाला येणार?

मग ती एका जुन्या मिस्त्रींकडे गेली. त्यांचं गॅरेज म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील अशी शेड. मिस्त्रींनी तक्रार ऐकली आणि विचारलं, साडेसहा कुणी सांगितलं? लोक काट्याकडे बघून सांगतात, मी त्यावर विश्वास ठेवत नाही. धाकटीनं खिशातून कागद काढला. टाकी काठोकाठ भरून ठरलेल्या रस्त्यानं वीस किलोमीटर जायचं, परत काठोकाठ भरायची, असं तिनं चारदा केलं होतं. काच केसाएवढी जास्त घासली गेली तर माणूस पायरी चुकतो, अशा धंद्यातली ती. मिस्त्रींनी कागद वाचला आणि तिला बसायला स्टूल दिलं. त्या गॅरेजमध्ये स्टूल एकच होतं.

त्यांनी मला सपाट जागी उभं केलं, गिअर काढला, हँडब्रेक काढला आणि एका हातानं ढकललं. मी जागची हलले नाही. दोन्ही हातांनी ढकललं. मी कशीबशी वीतभर सरकले आणि थांबले. "ही पीत नाहीये," मिस्त्री म्हणाले, "हिला कुणीतरी धरून ठेवलंय." इतक्या वर्षांत माझ्या बाजूनं बोललेलं ते पहिलं वाक्य. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

जॅक लावून त्यांनी पुढचं चाक फिरवलं तर खालचा दांडाही गरगर फिरला. चाकाच्या मधला रंग पेचकसनं खरवडला, आतून खटका निघाला. चारही चाकांनी ओढायची वेळ चिखलात, दगडांत येते. डांबरी रस्त्यावर पुढचा दांडा, पुढचे गिअर फुकट फिरवत न्यायचे म्हणजे अंगावर पाहुणा घेऊन पळायचं. त्यांनी दोन्ही खटके मोकळे केले. मागचं डावं चाक ब्रेकनं धरलेलं होतं, ते सोडवलं. चाकावरचा अठरा वाचून त्यांनी कपाळाला हात लावला आणि सव्वीस भरली. इंजिनात हवा जाते ती जाळी झटकली तर पसाभर धूळ पडली. कॅरिअर उतरवलं. धाकटीला रंग ओळखीचा वाटला, आकड्याचं वळणही. पण बाबांची नजर अधू, काहीतरी समजुतीचा घोटाळा झाला असेल, असं म्हणून ती हसली.

पुन्हा वीस किलोमीटर. आता मी साडेआठ दिले. धाकटीनं माझ्या स्टिअरिंगवर थाप मारली. मिस्त्री मात्र खूश नव्हते. सपाटीवर साडेआठ म्हणजे घाटात सात, ते म्हणाले, काठावर पास होऊन चालणार नाही. ते मागे जाऊन उकिडवे बसले आणि माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघत राहिले. गाडी रिकामी, तरी पाटे बसलेले. "मागे कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

रेक्झिन निघालं, फळी निघाली. सहा पोती एका ओळीत. धाकटीनं हात पुढे केला आणि एका गाठीवर ठेवला. ती दुहेरी गाठ तिनं लहानपणापासून बघितलेली. एका क्षणात तिला सगळं कळलं, रंग, अठरा, कॅरिअर, सगळं. ती तिथंच तेलकट जमिनीवर बसली आणि रडली. मिस्त्री पाठ फिरवून उगीचच पान्हे पुसत राहिले.

थोड्या वेळानं ती उठली आणि म्हणाली, हे माझ्या भावाला कळता कामा नये. खरंच होतं तिचं. दादाला हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, म्हातारपणानं डोकं फिरलंय, आता तर खालीच आणायला हवं. मिस्त्री म्हणाले, "मला काय दिसलं? माझा चष्मा तुमच्याच दुकानात दुरुस्तीला आहे." पोती शेडच्या कोपऱ्यात गेली, बाक परत जागेवर बसला.

शनिवार उजाडला. पंपावर टाकी काठोकाठ भरली, दादानं स्वतः वाकून बघितलं. मग तो धाकटीशेजारी बसला आणि पेट्रोलच्या काट्यावर नजर लावली ती लावली.

काय सांगू तुम्हाला त्या सकाळची गोष्ट. हलकी होऊन धावणं काय असतं हे मी विसरलेच होते. टायर कुरकुरत नव्हते, पुढची चाकं आपली आपण पळत होती. घाट लागला. पूर्वी जिथं मी दुसऱ्या गिअरवर कण्हत जायची, तिथं तिसऱ्यावर वर निघाले. एका मोठ्या चकचकीत गाडीला वळणावर मागं टाकलं, आणि मी मुळीच वळून बघितलं नाही. माथ्यावर आलो तेव्हा काटा अर्ध्याच्या बराच वर होता. दादानं काचेवर टिचकी मारून बघितली. काटा अडकलाय असं वाटलं असेल त्याला.

बाबा अंगणात उभे होते. लेकाला बघून त्यांचा चेहरा उजळला, किती तरी महिन्यांनी तो आला होता. मग सवयीप्रमाणे ते माझ्या मागे आले आणि तळव्यानं मला दाबून बघितलं. नजर अधू होती, हात नव्हता.

"हलकी झालीये," ते म्हणाले.

धाकटीनं घाईघाईनं पिशव्या काढायला घेतल्या, औषधांचं विचारलं, थंडीवाऱ्याचं विचारलं. बाबांचा हात तिथंच. "मागची पोती कुठं गेली?"

"कुठली पोती?" दादा म्हणाला.

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. धाकटीनं सांगून टाकलं. दादाचा पारा चढला. एवढी वाळू गाडीत भरली, कुणाला सांगितलं नाही, आणि तिच्यामुळे ही धुक्यात चार तास अडकली होती, ठाऊक तरी आहे का तुम्हाला, असं तो बोलून गेला. बाबांना ते ठाऊक नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. ते हळूच मागे सरकले आणि घराच्या पायरीवर बसले.

"तीन पोती माझ्या वजनाची होती," ते म्हणाले. "तीन तुमच्या आईच्या. मोजून भरली. धाकटी घाटातनं एकटी यायची ना."

आता मला त्या ताणकाट्याचा उलगडा झाला. दोन वर्षं मी ज्या ओझ्याला शिव्या घातल्या, ते आई-बाबा होते. मला माझीच लाज वाटली. दादा माझ्या चाकाजवळ उभा होता, त्यानं तोंड दुसरीकडे केलं आणि रुमाल काढला.

मग त्यानं बाबांना सगळं खरं सांगितलं. टाकीची अट, रिकामी केलेली खोली, रविवारचा टेम्पो. आवाज चढला नव्हता. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे टाकी पुरली तर मी इथं, नाही तर तुझ्याकडे."

"हो."

"मग मीही येतो. माझं काय व्हायचं ते गाडीत बसून बघतो."

दादा म्हणाला, तुम्ही बसलात तर वजन वाढेल, नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका. "वाढू दे," बाबा म्हणाले. "मी दाबलेल्या रस्त्यावर माझ्याच वजनानं गाडी अडली, तर मीच टेम्पोत बसेन." घराला कडी घालून ते आले. दादाला मागच्या बाकावर पाठवलं आणि स्वतः पुढे बसले. वाळू उतरली आणि बाबा चढले, म्हणजे माझ्या नशिबी ओझं होतंच. पण हे ओझं बोलणारं होतं, आणि काय बोलणारं!

त्यांना पलीकडची झाडं दिसत नव्हती, पण रस्ता पायाखालून कळत होता. "आता पाय काढ," ते म्हणायचे, आणि खरंच पुढे उतार यायचा. "इथं ब्रेक नको, वळणानंतर चढ आहे, तोच वेग खाईल." खरंच चढ यायचा. धाकटी त्यांच्या सांगण्याबरोबर पाय दाबत होती, उचलत होती, आणि मी घसरगुंडीवरून उतरावं तशी उतरत होते. एकदा दादानं मागून सुचवलं की उतारावर गिअरच काढून टाकला तर आणखी वाचेल. बाबा कडाडले, "गिअर काढायचा नाही. गिअर काढला की गाडी तुझी राहत नाही." थोड्या वेळानं दादाच विचारायला लागला, बाबा, हा चढ कधी दाबला? आणि बाबा सांगत राहिले.

घाट उतरलो. सपाटी लागली. मधल्या गावातला तो बंद पंप मागे गेला. मग ती जागा आली जिथं मी मागच्या वेळी आचके देऊन थांबले होते. धाकटीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. मी न अडखळता, इंजिनाचा सूर न बदलता, तिथून पुढे गेले. पुढचे तेवीस किलोमीटर मी ज्या ऐटीत धावले, तशी मी कारखान्यातून निघाल्या दिवशीही धावले नव्हते.

पंपावर आलो तेव्हा अजून लख्ख उजेड होता. दादा खाली उतरला आणि म्हणाला, काठोकाठ भरा. पेट्रोल पडायला लागलं. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. पंचवीसला नळी खट्कन थांबली. पंपावरच्या माणसानं माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि तोंड उघडलं नाही. दादाचं समाधान झालं नाही. त्यानं माझं मागचं अंग धरून मला गदागदा हलवलं, हवा अडकली असेल म्हणून परत भरायला लावलं. आणखी दोन घोट गेले, बस. म्हणजे दहा लिटर माझ्या पोटात शिल्लक होते. तीन माणसं, अख्खा घाट, अडीचशे किलोमीटर, आणि लिटरला दहा. माझ्यासारखीला.

बाबा आतच बसून होते. काच खाली करून त्यांनी विचारलं, "किती?"

"पंचवीस," दादा म्हणाला.

"मग?"

दादानं टाकीचं झाकण स्वतःच्या हातानं लावलं, दोनदा फिरवून बघितलं आणि बाबांच्या खिडकीशी आला. "मग काय. आजची रात्र आमच्याकडे जेवा, झोपा. उद्या सकाळी मी सोडतो तुम्हाला घरी."

त्यानं घरी म्हटलं, आणि तो वरच्या घराबद्दल बोलत होता. धाकटीनं माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिच्या कपाळानं हॉर्न दाबला गेला आणि मी सगळ्या पंपाला ऐकू जाईल इतक्या जोरात वाजले. तेवढ्यापुरती तरी मला बोलायची संधी मिळाली.

याला दीड वर्ष झालं. हॉटेलवाल्याला दुसरी कुणीतरी मिळाली, बिचारी. माझ्या चाकांवरचा अठरा बाबांनी स्वतः पुसला आणि सव्वीस लिहिला, जरा वाकडा लिहिला, पण मी तो मिरवते. मी आता तरुण नाही. छपराला गंज चढतोय, डावं दार ओढून लावावं लागतं. पण लिटरला दहा अजून देते, आणि कधी बाबा खूश असले तर साडेदहाही.

तुमच्या दारातली गाडी फार पिते अशी तुमची तक्रार असेल, तर एवढं माझं ऐका. शिव्या देण्याआधी तिला एकदा सपाटीवर हातानं ढकलून बघा, आणि बाकाखाली कुणी काय ठेवलंय ते बघा. काही सापडलं तर ठेवणाऱ्यावर लगेच चिडू नका. आधी त्याला विचारा.

आता निघते. आज शनिवार, आणि आज दादाची पाळी आहे, एक शनिवार त्याचा, एक धाकटीचा, असं आता ठरलंय. तो गिअर अजून करकरवतो, मी सहन करते. घाट चढायला दीड तास लागेल. बाबा पायरीवर येऊन बसले असतील.